हे कसे जोडलेस?

प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे तुम्ही नक्कीच पाहिले असतील. ठोकळ्याच्या डोक्यावर गोल बटणे असतात आणि त्याचे पोट पोकळ असते. एका ठोकळ्यावर दुसरा ठेवून अंगठ्याने दाबला की ‘टच्’ असा आवाज येतो आणि दोन्ही घट्ट बसतात. ना खिळा लागतो, ना डिंक, ना दोरी. ओढले की पुन्हा सुटे! आज त्यांचे घर होते, उद्या आगगाडी होते आणि परवा डब्यात नुसते तुकडे असतात.

हा लहान मुलांचा खेळ आहे, असे आपण समजतो. परंतु अनेक देशांत मोठी माणसेही हा खेळ मन लावून खेळतात. घरी एकट्याने ती महिनोन्‌महिने एखादी इमारत किंवा जहाज जोडत बसतात. मग वर्षातून एकदोनदा एखाद्या सभागृहात सगळे जमतात. आपापल्या वस्तू टेबलांवर मांडतात, दुसऱ्यांच्या वस्तू पाहतात आणि तासन्‌तास बोलतात. त्या बोलण्याविषयी मी आज तुम्हांला सांगणार आहे. ठोकळे जोडायला तुम्हांला कोणी शिकवायला नको. पण जोडलेली वस्तू दुसऱ्याला कशी दाखवावी, दुसऱ्याने जोडलेली कशी पाहावी आणि तिच्याविषयी काय बोलावे, हे शिकावे लागते. मी स्वतः ते एक चूक करून शिकलो. ती चूकही पुढे सांगेन.

मी भंडारा जिल्ह्यातील वरठी या गावात राहतो. रेल्वेने नागपूरहून गोंदियाकडे जाताना ‘भंडारा रोड’ हे स्थानक लागते. नाव भंडाऱ्याचे, पण स्थानक आमच्या वरठीत! नवा प्रवासी हमखास फसतो. ‘भंडारा आले’ म्हणून उतरतो आणि मग भंडारा शहर अजून दहाबारा किलोमीटर दूर आहे हे ऐकून कपाळाला हात लावतो. रेल्वे आणि पोलादाचा कारखाना या दोन गोष्टी आमच्या गावातली मुले लहानपणापासून पाहतात. म्हणून लोखंडाचे तुकडे जोडून मोठी वस्तू होते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

एकदा आठवीच्या वर्गातील एका मुलाने शाळेत ठोकळ्यांचा एक डबा आणला. त्याच्या मामूंनी तो त्याला नागपूरहून आणून दिला होता. तास मराठीचा होता. मी डबा जप्त करणार होतो. पण मागच्या बाकावर कुजबुज चालली होती ती चक्क मराठीत होती. “हा ठोकळा इथे बसत नाही.” “उलटा लाव.” “नको, तुटेल.” मी थांबलो. जी मुले मराठीत उत्तर द्यायला उभी राहिली की घाबरतात, ती माझ्या तासाला, माझ्या भीतीने का होईना, पण मराठीत वाद घालत होती. बोलायला हातात काही वस्तू असली की जीभ सैल होते. मी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, “बरे, आता मोठ्याने बोला.”

त्या दिवशी आम्ही त्या डब्याच्या इतिहासाकडे वळलो. तो तुम्हीही ऐका.

युरोपात डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. तेथील बिलुंड या गावात ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचा एक सुतार होता. मंदीमुळे घरे बांधण्याचे काम मिळेना, तेव्हा १९३२ मध्ये तो लाकडी खेळणी बनवू लागला. १९३४ मध्ये त्याने आपल्या कारखान्याचे नाव ‘लेगो’ ठेवले. डेन्मार्कच्या भाषेतील ‘चांगले खेळ’ अशा अर्थाच्या दोन शब्दांतून हे नाव तयार झाले आहे. १९४९ मध्ये त्या कारखान्यातून प्लॅस्टिकचे ठोकळे बाहेर पडले. पण ते ठोकळे आतून रिकामे होते. एकमेकांवर बसत, पण धक्का लागला की सुटत. पुढे ठोकळ्याच्या पोटात छोट्या नळ्या बसवण्याची युक्ती सापडली. खालच्या ठोकळ्याची बटणे वरच्या ठोकळ्याच्या भिंती आणि नळ्या यांच्यामध्ये अडकतात आणि पकड घट्ट होते. २८ जानेवारी १९५८ रोजी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज करण्यात आला. १९५८ मधला ठोकळा आजच्या ठोकळ्यावरही बसतो. आजोबांचा ठोकळा नातवाच्या कामी येतो.

हे कशामुळे जमते? मापामुळे. दोन बटणांच्या मध्यांतील अंतर ८ मिलीमीटर असते आणि ठोकळ्याची उंची, वरचे बटण सोडून, ९.६ मिलीमीटर. हे माप कधीच बदलत नाही. आपल्या रेल्वेचेही असेच आहे. भारतातील मोठ्या मार्गावर दोन रुळांमधील अंतर १,६७६ मिलीमीटर असते, म्हणून हावड्याचा डबा वरठीवरून मुंबईपर्यंत जाऊ शकतो. माप एक असले की अनोळखी माणसांच्या वस्तूही एकमेकींना जोडता येतात.

आता एक गोष्ट मला तुम्हांला मुद्दाम सांगायची आहे. ही कल्पना मुळात त्या डॅनिश सुताराची नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी पेज नावाचे एक खेळणी बनवणारे गृहस्थ होते. बटणे असलेले, एकमेकांवर बसणारे प्लॅस्टिकचे ठोकळे त्यांनी आधीच बाजारात आणले होते. त्यांचे नमुने डेन्मार्कला पोहोचले, तेथे त्यांत थोडे फेरफार झाले आणि नवे ठोकळे निघाले. पेज १९५७ मध्ये वारले. पुढे १९८१ मध्ये लेगो कंपनीने त्या जुन्या इंग्रजी ठोकळ्यांचे हक्क विकत घेतले, आणि आज ती आपल्या इतिहासात पेज यांच्या ठोकळ्यांचा उल्लेख करते. पण खेळणाऱ्या कोट्यवधी मुलांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? नक्कल करून सुधारणा करणे वाईट नाही. सगळे कारागीर तसेच शिकतात. मूळ कोणाचे ते न सांगणे मात्र मला खटकते.

वर्गात मी विचारले, “आठ बटणांचे, एकाच रंगाचे दोन ठोकळे किती प्रकारे जोडता येतील?” कोणी म्हणाले चार, कोणी म्हणाले दहा. उत्तर आहे २४. तीन ठोकळे असतील तर १,०६० प्रकार होतात. सहा ठोकळे असतील तर? पुष्कळ वर्षे सांगितले जाई की साधारण १० कोटी २९ लाख. पुढे कोपनहेगन विद्यापीठातील सोरेन आयलर्स या गणितज्ञाच्या लक्षात आले, की हा आकडा फक्त मनोऱ्यांचा आहे. म्हणजे सहा ठोकळे एकावर एक रचले, तरच तो बरोबर. पण एका ठोकळ्यावर दोन ठोकळे शेजारी शेजारीही बसू शकतात! ते कोणी मोजलेच नव्हते. त्यांनी संगणकाला मोजायला लावले तेव्हा उत्तर आले ९१,५१,०३,७६५. डेन्मार्कमधल्याच एका शाळकरी मुलाने वेगळ्या पद्धतीने संगणकाला हेच गणित घातले, आणि त्याचेही उत्तर तेच निघाले. छापलेला आकडा सगळे खरा मानत होते. कोणीतरी “हे कसे मोजलेत?” असे विचारले म्हणून चूक सापडली.

मोठी माणसे ठोकळे घेऊन जमतात तेव्हा हाच प्रश्न सारखा ऐकू येतो. हे कसे जोडलेस? एक उदाहरण देतो. साधारणपणे ठोकळ्यांची बटणे वर असतात. त्यामुळे भिंत वर चढते, पण तिच्या तोंडाला सपाट नक्षी लावता येत नाही. जाणकार लोक काही ठोकळे आडवे वळवतात, म्हणजे बटणे बाजूला येतात. पण आडवे ठोकळे उभ्यांच्या मापात बसणार कसे? यासाठी ते पातळ पट्टी वापरतात. तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एका ठोकळ्याची उंची होते. म्हणजे एक पट्टी ३.२ मिलीमीटर. अशा पाच पट्ट्यांची जाडी १६ मिलीमीटर भरते आणि दोन बटणांची रुंदीही १६ मिलीमीटरच! बस, उभे आणि आडवे जुळले. हे गणित डब्यावरच्या चित्रांत कोणी सांगत नाही. एकाने दुसऱ्याला टेबलापाशी उभे राहून सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. असे ते पसरले.

या मंडळींचे काही रिवाज आहेत. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. वस्तूपुढे एक कार्ड ठेवायचे आणि त्यावर करणाऱ्याचे नाव लिहायचे. रचना आपली स्वतःची असेल तर तसे सांगायचे. दुसऱ्याची पाहून केली असेल तर त्याचे नाव घ्यायचे. अर्धवट राहिलेली वस्तू आणायलाही कोणी लाजत नाही. उलट अशा वस्तूभोवती गर्दी जास्त होते, कारण तिच्या पोटातले दिसते. अशा हौशी लोकांच्या कल्पना कारखान्यानेही घेतल्या आहेत. २००८ मध्ये जपानमध्ये याची सुरुवात झाली. पुढे असा नियम झाला, की एखाद्याच्या रचनेला १०,००० लोकांनी पाठिंबा दिला तर कंपनी तिचा विचार करते आणि ती बाजारात आली तर करणाऱ्याचे नाव सांगून त्याला विक्रीतला थोडा हिस्सा देते. पेज यांच्या वाट्याला हे आले असते तर!

तुम्ही म्हणाल, “सर, हे सगळे परदेशातले झाले. आपल्याकडे असे कोठे असते?” असते तर! आणि फार जुने आहे.

पश्चिम महाराष्ट्रात, म्हणजे पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत दिवाळीच्या सुट्टीत मुले अंगणात किल्ला बांधतात. सहामाही परीक्षा संपली रे संपली, की मुले विटा, दगड, पोती आणि माती गोळा करू लागतात. विटा-दगडांचा ढीग रचून त्यावर ओले पोते टाकायचे आणि वरून चिखल लिंपायचा. झाला डोंगर! मग त्यावर तट, बुरूज, दरवाजा, पाण्याचे टाके, पायऱ्या. मातीत अळीव किंवा मोहरी पेरली की थोड्याच दिवसांत हिरवे कोंब येतात आणि डोंगरावर गवत उगवल्यासारखे दिसते. माथ्यावर सिंहासनावर शिवाजी महाराज बसवतात आणि वाटेवर मातीचे मावळे उभे करतात. प्रमाणाचा मात्र पत्ता नसतो. कधी मावळा बुरजापेक्षा उंच असतो, कधी वाघ हत्तीएवढा! त्याचे कोणाला काही वाटत नाही.

मित्रांनो, या किल्ल्याचे शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. किल्ला, बुरूज, दरवाजा, खंदक, हौद, तोफ. यांतला एक तरी शब्द तुम्हांला परका वाटतो का? उर्दूत आपण क़िला म्हणतो, बुर्ज म्हणतो, हौज़ म्हणतो. नक्शा मराठीत आला आणि नकाशा झाला; नमूना आला, तो नमुना झाला. शब्दही ठोकळ्यांसारखेच असतात, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जातात. असो.

किल्ला बांधून झाला की खरी मजा सुरू होते. गल्लीतील लोक किल्ले पाहायला निघतात. गावोगावी मंडळे किल्ल्यांच्या स्पर्धा भरवतात. ज्या मुलाने किल्ला बांधला, तो हातात काठी घेऊन माहिती सांगतो, “हा राजगड. ही पद्मावती माची, ही सुवेळा माची, ही संजीवनी माची आणि हा मधला उंच भाग म्हणजे बालेकिल्ला.” पाहणारे नुसती मान डोलावत नाहीत. ते विचारतात. समजा, एखाद्या मुलाने दरवाजा ऐन समोर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला आहे. एखादे आजोबा म्हणतील, “बाळ, शत्रूला दरवाजा लांबूनच दिसला तर तो तोफ कोठे डागील?” मुलगा विचारात पडतो. मग त्याला कळते, की रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड, वळणावर का बांधला आहे. समोरून येणाऱ्याला तो दिसतच नाही. आत शिरायला वळावे लागते आणि वळणाऱ्यावर दोन्ही बाजूंच्या बुरुजांवरून मारा करता येतो. अशा रचनेला गोमुखी दरवाजा म्हणतात. आजोबांनी “तुझा किल्ला चुकला” असे म्हटले नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला. पुढच्या वर्षी त्या मुलाचा दरवाजा बुरुजाआड गेलाच म्हणून समजा.

आमच्या विदर्भात अशा किल्ल्यांची चाल तितकी नाही. पण आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडाचे बैल सजवून आणतात आणि एका जागी रांगेत उभे करतात. कोणाचा बैल हातभर, कोणाचा वीतभर. तेथेही मुले एकमेकांच्या बैलांभोवती फिरतात आणि “ही झूल कशी शिवली?”, “चाके कोठली लावलीस?” असे विचारतात. हे तुम्हीही पाहिले असेल.

आता माझ्या वर्गाकडे येतो. ठोकळ्यांचा डबा एक आणि मुले बेचाळीस! रोज भांडणे होऊ लागली. मला वाटले, सगळ्यांना पुरतील असे ठोकळे हवेत, आणि ते फुकटात हवेत. मार्ग पुण्याच्या अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकात सापडला. गुप्ता हे कानपूरच्या आय.आय.टी.तून शिकलेले इंजिनिअर. पुण्यात मोटारींच्या कारखान्यात नोकरीला होते. १९७८ मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात खेड्यांतील मुलांना विज्ञान शिकवण्याच्या कामात गेले. तेथील आठवडी बाजारात हिंडताना त्यांना स्वस्तातले ‘ठोकळे’ सापडले. काडेपेटीतील काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. पुढे त्यांनी पुण्याच्या आयुका या संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात २००३ पासून अकरा वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. आपण शोधलेली खेळणी त्यांनी कुलपात ठेवली नाहीत. कोणीही घ्यावी, कोणीही करावी, कोणत्याही भाषेत सांगावी, असे त्यांनी ठेवले.

कृती सोपी आहे. काड्यांचे गूल आधी खरवडून टाका. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करा आणि खरवडलेला गूल पाण्यात टाका. व्हॉल्व्हच्या नळीचे दीडदोन सेंटीमीटर लांबीचे तुकडे करा. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी घाला. हा झाला दोन काड्यांचा सांधा. तिसरी काडी हवी असेल तर नळीला मध्ये बाभळीच्या काट्याने भोक पाडा आणि त्यात काडी खुपसा. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि बोटाने दाबून पाहा. तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा आणि दाबा. तो लगेच तिरपा होतो. लोखंडी पुलांवर, विजेच्या उंच मनोऱ्यांवर तिरप्या पट्ट्या का असतात, ते या दोन आकृत्यांवरून कळते.

आठवीतील एका मुलीने या काड्यांचा पूल केला. ती वर्गात फार कमी बोलत असे. मराठीत बोलायची वेळ आली की मान खाली. आपल्या मुलांची एक अडचण मला ठाऊक आहे. उर्दूत मुज़क्कर आणि मुअन्नस, अशी दोनच लिंगे. मराठीत तिसरे नपुंसकलिंगही आहे. ‘तो’, ‘ती’ येथपर्यंत ठीक, पण ‘ते’ कोठे म्हणायचे? चुकले की कोणीतरी हसते आणि मग मूल बोलणेच सोडते.

तिने पूल टेबलावर ठेवला. मुले म्हणाली, “छान आहे.” मीही म्हणालो, “छान आहे.” एका मुलाने त्यावर वही ठेवली आणि पूल मध्ये झुकला. सगळे हसले. फक्त शेजारच्या बाकावरच्या मुलीने विचारले, “मधे कसे जोडलेस?” पुलाच्या दोन्ही बाजूंना चौकोन होते. दोघींनी खाली बसून प्रत्येक चौकोनात एक तिरपी काडी बसवली. काडी तोकडी पडली, कारण चौकोनाचा कर्ण बाजूपेक्षा मोठा असतो. मग त्यांनी दोन काड्या नळीने जोडून त्या मापात कापल्या. दुसऱ्या दिवशी त्याच पुलावर चार वह्या राहिल्या. तुमच्या लक्षात आले का? माझ्या ‘छान आहे’ने त्या पुलाला काहीच मिळाले नव्हते. हसण्याने तर नाहीच नाही.

त्यानंतर शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले. पाहुणे येणार होते. पूल मी पहिल्या टेबलावर ठेवला. कार्डावर लिहिले, ‘वैनगंगेवरील पूल, इयत्ता आठवी’. माहिती सांगायला वर्गातल्या सर्वांत चांगले मराठी बोलणाऱ्या मुलाला उभे केले. मला वाटले, शाळेची शोभा होईल. त्या मुलाने झकास सांगितले. पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली. एका पाहुण्यांनी विचारले, “बाळ, ही तिरपी काडी एवढी लांब कशी?” तो क्षणभर गडबडला आणि म्हणाला, “अशीच मिळते.” ती मुलगी दोन हातांवर उभी होती. तिला उत्तर माहीत होते. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. तिच्या हातात रबराने बांधलेली काड्यांची जुडी आणि कागदात नळीचे तुकडे होते. पूल तिने सोडून टाकला होता. मला म्हणाली, “सर, शाळेच्या काड्या मोजून घ्या.”

मी मोजल्या नाहीत. काय बोलावे तेही मला सुचेना. घरी आल्यावर ते कार्ड पुन्हा पाहिले. ‘इयत्ता आठवी’ने पूल केला नव्हता. एका मुलीने केला होता आणि तिच्या शेजारणीने त्यातला दोष काढायला मदत केली होती. दोघींचीही नावे त्यावर नव्हती. हिलरी पेज यांच्याबद्दल वर्गात तावातावाने बोलणारा मीच होतो!

मी तिची माफी मागितली, वर्गापुढे. “पुन्हा पूल कर,” असे मी एकदा सुचवले. ती नाही म्हणाली आणि मी आग्रह धरला नाही. एवढेच सांगितले, “जोडायचा कसा, ते लिहून देशील का?” चार दिवसांनी तिने दोन पाने दिली. अर्धी ओळ मराठी, अर्धी उर्दू, आणि मध्ये आकृत्या. उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून, त्यामुळे दोन्ही लिप्या ओळीच्या मध्यावर येऊन भेटत होत्या. आकृत्या इतक्या स्वच्छ होत्या, की शब्द नसते तरी चालले असते. पानाच्या शेवटी दोन नावे होती, तिचे आणि तिच्या शेजारणीचे. मी ती पाने जशीच्या तशी भिंतीवर लावली.

तेव्हापासून माझ्या वर्गात काही गोष्टी बदलल्या आहेत. महिन्यातला एक तास आम्ही वस्तू पाहण्यासाठी ठेवतो. ठोकळे, काड्या, रिकाम्या काडेपेट्या, माती, ज्याला जे मिळेल त्याची वस्तू. प्रत्येक वस्तूपुढे कार्ड आणि कार्डावर नाव. कोणाची पाहून केली, तेही त्यावर लिहायचे. नुसते ‘छान आहे’ म्हणायला बंदी आहे! काय छान आहे ते सांगा, नाहीतर प्रश्न विचारा. सुरुवातीला मुले दोनच प्रश्न विचारत, “किती दिवस लागले?” आणि “किती पैसे लागले?” हळूहळू “इथे जड कशाला केलेस?”, “हे काढले तर पडेल का?”, “हा भाग उलटा लावला तर?” असे प्रश्न येऊ लागले. दोष दाखवणाऱ्याने आधी हात न लावता, जवळ बसून, वस्तू सगळ्या बाजूंनी पाहायची. भाषेतली चूक त्या तासाला मी दुरुस्त करत नाही. ती मी टिपून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी, कोणाचे नाव न घेता, फळ्यावर घेतो. कधी कधी वस्तू मोडते. कधी कोणी रुसते. एका मुलाने तर आपल्या भावाने केलेले जहाज आपले म्हणून आणले होते आणि पहिल्याच प्रश्नाला तो पकडला गेला, कारण ‘कसे जोडलेस’ याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते.

पुढच्या वर्षी सहावीच्या मुलांनी भिंतीवरची ती दोन पाने पाहून पूल करायला घेतला. तीन दिवस खटपट केली. मधला एक सांधा काही केल्या टिकेना, कारण तेथे पाच काड्या एका ठिकाणी येत होत्या. मला विचारले. मला येत नव्हते आणि तसे मी सांगितले. मग दोन मुले पाने घेऊन नववीच्या वर्गात गेली. मी त्यांच्या मागोमाग दाराशी जाऊन उभा राहिलो.

“आपा, हा मधला सांधा तू कसा जोडला होतास?”

तिने पान हातात घेतले. बाकावरून उठून खाली फरशीवर बसली. खिशातून पेन्सिल काढली आणि सांगू लागली. आधी दोन नळ्या एकीत एक आडव्या घालायच्या, मग काट्याने भोक, मग पाचवी काडी खालून. मुले मराठीत विचारत होती, म्हणून तीही मराठीत सांगत होती. चांगली दहा मिनिटे ती बोलत होती. “तो टोक आधी आत घाला,” ती म्हणाली. ‘ते टोक’ हवे होते. मी दाराशीच उभा राहिलो.